नवा वस्तरा आणि पवळ्या

दुपारचं जेवण झालं की मी ओसरीत चटई टाकून आडवा होतो. डोळा लागायच्या जरा आधी मला चामड्यावर वस्तरा फिरल्याचा आवाज येतो. एक लांब सरक, मग श्वासाएवढा थांबा, मग परतीची सरक. इतका जवळून येतो की मी उठून बसतो आणि गिऱ्हाईक खोळंबलंय या समजुतीनं खांद्यावरचा पंचा चाचपतो. सुमन, म्हणजे माझी बायको, आतून म्हणते, दुकान कवाचं बंद झालं, झोपा. दुकान बंद झाल्याची बातमी मला अशी रोज दुपारी नव्यानं कळते, आणि रोज थोडं वाईट वाटतं.

मी न्हावी. जन्म रामाकोन्याचा, उमेदीची वर्षं गेली पांढुर्ण्यात, सासऱ्यांच्या दुकानात. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असा निरोप आला तेव्हा किती डोकी हातांखालून गेली असतील याचा विचार करत बसलो, आणि झोप आली. तेव्हा तो हिशेब सोडून देतो. मला सांगायचं आहे ते एका वस्तऱ्याबद्दल आणि एका चामड्याच्या पट्ट्याबद्दल.

आता दाढीला पातं येतं, वापरलं की फेकून देतात. त्यामुळे पट्टा कशासाठी हे आधी सांगायला हवं. आमचा वस्तरा अखंड पोलादाचा, मुठीत मिटणारा. त्याला धार दगडावर लावायची, पण दगडावरून उतरलेली धार गालाला लावता येत नाही. ती बारीक बारीक खडबडीत असते, डोळ्याला दिसत नाही पण कातडीला लगेच कळते. ती खरखर निजवण्याचं काम चामडं करतं. म्हणून प्रत्येक दाढीच्या आधी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा. या पट्ट्याला आमच्याकडे चमोटा म्हणत.

सासऱ्यांच्या दुकानातल्या चमोट्याला मात्र नाव होतं. तो पवळ्या. सासऱ्यांच्या वडिलांकडे थोडी शेती होती तेव्हाचा त्यांचा बैल पवळ्या म्हातारा होऊन मेला, आणि त्याच्या पाठीच्या कातड्यातून हा पट्टा काढून घेतला, असं घरात सांगत. आरशाशेजारच्या आकड्याला त्याचं वरचं टोक अडकवलेलं असे, खालच्या टोकाला धरायला लाकडी दांडी. इतक्या वर्षांचं एरंडेल पिऊन तो काळसर तांबडा झाला होता, आणि हात लावला तर गार लागायचा नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांना जू लावत नाहीत. मग पवळ्यालाही त्या दिवशी काम नाही असा सासऱ्यांचा नेम होता. आकड्यावरून काढून तो घरी आणायचा, सुमननं त्याला तेल चोळायचं, हळदीचा टिळा लावायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडलं तरी पोळ्याला त्या दुकानात दाढी होत नसे. आज बैलाची सुट्टी, म्हणत सासरे, आणि त्यात त्यांना गंमत वाटत नसे.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणायचो. उंच, वाळके, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. माझं लग्न जुळलं ते त्यांच्या कानामुळे. रामाकोन्याला मुलगा पाहायला आले तेव्हा मी निंबाखाली एकाची दाढी करत बसलो होतो, आणि माझ्या वडिलांचा जीव टांगणीला लागला होता, कारण मी डावखुरा. आमच्या भागात डावखुऱ्याला डेबऱ्या म्हणतात, आणि डेबऱ्या न्हावी कोणाला नको असतो. तोंडाला, कपाळाला डावा हात लावून घ्यायचा म्हणजे काय! मामाजींनी पत्रिका मागितली नाही. वस्तरा पट्ट्यावर फिरवून दाखवा म्हणाले, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग वडिलांना म्हणाले, "आवाज सरळ हाय. हात कोणताई असो."

या एका वाक्यावर मी त्यांचा जावई झालो आणि पांढुर्ण्याला आलो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती.

वाक्य मामाजींचं होतं, गिऱ्हाइकांचं नव्हतं. माझ्या खुर्चीवर पोरंटोरं बसायची, कटिंगपुरती. दाढीला सगळे मामाजींच्या रांगेत. संत्र्याचे एक जाडे व्यापारी होते, ते तर माझ्याकडे पाठ करून बसायचे, माझा डावा हात दिसला की दिवस वाईट जातो म्हणून. पहिली दाढी मला नगरपालिकेतल्या मेश्रामबाबूंनी दिली. मामाजींची खुर्ची रिकामी असताना ते माझ्याकडे येऊन बसले. मी विचारलं, तुम्हाला चालतो का डावा हात. ते म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या गावात न्हावी त्यांच्या लोकांना हातच लावत नसे, उजवा नाही की डावा नाही. तेव्हा आता जो हात येईल तो त्यांना चालतो. एवढं बोलून त्यांनी मान मागे टाकली आणि खरोखर झोपी गेले. वस्तऱ्याखाली झोपणारं माझं ते पहिलं गिऱ्हाईक. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत जमिनीवर नव्हतो.

मला स्वतःचा वस्तरा हवा होता. तोवर वडिलांचा जुना वापरत होतो, झिजून झिजून भाजी चिरायच्या सुरीएवढा अरुंद झालेला. एका पावसाळ्यात मामाजी नागपूरला गेले आणि पॅसेंजरनं परत येताना धोतराच्या कनवटीला नवा वस्तरा खोवून आले. तेल लावलेला, कागदात गुंडाळलेला, उघडला की खोलीभर उजेड फेकणारा. मी लगेच पवळ्याकडे हात केला. मामाजींनी माझं मनगट धरलं.

नवा वस्तरा चमोट्याचा वैरी असतो, हे मी तिथे शिकलो. एक तर त्याला कारखान्याचं तेल असतं आणि त्या तेलात धूळ बसलेली असते. ते तसंच पट्ट्यावर नेलं तर चामड्यात कच जाते आणि मग तो पट्टा धार देण्याऐवजी खायला लागतो. म्हणून आधी कोमट पाण्यानं, साबणानं धुवायचा, कोरडा करायचा. दुसरं म्हणजे पात्याचा कोपरा. पातं मुठीकडे जिथे संपतं तिथला कोपरा कारखानेवाले अगदी टोकदार ठेवतात, बाभळीचा काटाच. वस्तरा पट्ट्यावर वळतो तेव्हा सगळ्यांत आधी हा कोपरा चामड्यात रुततो. तो दगडावर हलक्या हातानं घासून गोल करायचा. मग धार दगडावर घ्यायची, नखावरून फिरवून पाहायची, कुठे अडकते का. आणि तरीही चामड्यावर न्यायची नाही.

मामाजींनी भिंतीला खाटेच्या जुन्या नवारीचा एक तुकडा ठोकून ठेवला होता. नव्या वस्तऱ्यानं पहिले काही दिवस या सुती नवारीवर फिरायचं, मग तळहातावर. हसू नका, तळहातावर वस्तरा फिरवता येतो, फक्त मन दुसरीकडे असून चालत नाही. हात कापला नाही म्हणजे वस्तऱ्याला रीत कळली, आणि हाताला वस्तऱ्याचं वजन कळलं. त्यानंतर पवळ्या. आणि पवळ्यावर नवा वस्तरा पहिल्यांदा फिरवायचा तो मामाजींनीच, हा दुकानाचा कायदा.

फिरवायची रीत अशी. वस्तऱ्याची जाड बाजू म्हणजे पाठ, ती पुढे जायची, धार तिच्या मागून घसटत यायची. पट्टा ताणलेला पाहिजे, ढिला सोडला तर तो धारेला वेटोळं घालतो. टोकाला पोचलं की वळायचं, आणि इथेच सगळा खेळ आहे. पाठ चामड्यावर टेकलेली ठेवून धार वरून पलटवायची. धारेवरून पलटलात, नाहीतर पलटायच्या आधी हात मागे आणलात, की चामडं कापलं. मामाजी एकच शब्द म्हणायचे, "पाठीवरून." घाई दिसली की, जोर दिसला की, गिऱ्हाइकाला दाखवायला मी सटासट हात चालवायला लागलो की, मागून तो शब्द येई.

कापलेला चमोटा शिवता येत नाही. कापाची कड उचलली जाते आणि दर वेळी धारेला ठेचते. मग तो वस्तरा गालावर ओरखडे काढतो. न्हाव्यांच्या लग्नाकार्यात अमक्याच्या हातून चमोटा कापला असं कोणी म्हटलं तर त्या माणसानं पंगतीतून खाली मान घालून उठावं इतकी ती लाजिरवाणी गोष्ट.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून सगळं गाव दाढीला. बाहेर रंगीत दोर, घुंगरं, बेगडाची बाशिंगं विकणाऱ्यांचा कल्ला. संध्याकाळी गर्दी जरा सरली तेव्हा मामाजींनी माझा नवा वस्तरा घेतला आणि बाहेर वाजंत्री चाललेली असताना तो पवळ्यावर फिरवला. मग मिटून माझ्या हातात दिला. घ्या, आजपासून तुमचा, म्हणाले. मी तो खिशात घालून झाडलोट केली, पवळ्या आकड्यावरून काढला, गुंडाळला आणि घरी आणला. वाटेत सारखा खिशाला हात लावत होतो.

पोळ्याच्या दुपारी सुमननं मला मागच्या अंगणात बोलावलं. पवळ्या तिच्या मांडीवर उलगडलेला, एक हात तेलानं माखलेला. तिनं एका जागी बोट ठेवलं. पट्ट्याच्या उजव्या कडेला, खालच्या टोकाजवळ, नखाएवढा काप होता. चामड्याची बारीक जीभ वर आली होती.

आदला दिवसभर मी पोरांच्या कटिंगमध्ये होतो, माझ्या हातून पवळ्यावर वस्तरा फिरलाच नव्हता. त्यावर दोनच वस्तरे फिरले होते, मामाजींचा नेहमीचा आणि माझा नवा, आणि दोन्ही मामाजींच्या हातात होते. मी हे बोलायच्या आधी सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाजी आता चहा बशीत ओतत नाहीत, पेल्यानं पितात, हे तिनं पाहिलं होतं. मी दुकानात पाहिलं होतं की हल्ली ते गिऱ्हाइकाची हनुवटी जरा जास्त घट्ट धरतात. दोघांनी आपापलं पाहिलेलं एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं.

"बाबाले हे दिसलं तं ते कोणाले काई म्हननार नाई," सुमन म्हणाली. "गुपचूप वस्तरा ठेवतीन अन् भिताडाकडे तोंड करून निजतीन. मग ते उठत नाईत."

आणि ते खरं होतं. मामाजींना दुकानाशिवाय दुसरं जगणं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडून उभे राहिले होते. हात थरथरतो हे गावाला कळलं असतं तर त्यांच्यापुढे कोणी गळा धरला नसता, पण गावाचं पुढचं पुढे. त्यांना स्वतःला कळू द्यायचं नव्हतं. बाहेरच्या गोंगाटात, नव्या वस्तऱ्याच्या धारेमुळे, चामडं कापल्याचं त्यांच्या हाताला कळलं नसेल अशी आम्ही दोघांनी समजूत करून घेतली. दुसरी बाजू अशी की मी आधीच डेबऱ्या, घरजावई, खुर्ची कशीबशी मिळालेली. ती एका कापावर जाऊ शकत होती. मला भीती वाटली. सुमनकडे पाहिलं आणि भीती असूनही काप माझ्या माथी घ्यायचं ठरवलं.

उन्हं कलली तेव्हा मामाजी अंगणात बाजेवर बसले होते. रस्त्यानं सजवलेले बैल चालले होते, शिंगांना रंग, अंगावर झुली, आणि त्यांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत होता. मी पवळ्या त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की काल तुम्ही गेल्यावर मला धीर धरवला नाही, नवा वस्तरा मी फिरवून पाहिला, आणि माझ्या हातून हे झालं.

त्यांनी पट्टा उचलला. अंगठा उजव्या कडेवरून सावकाश खाली नेला, कापावर आणून थांबवला. बैलांची एक जोडी गेली, दुसरी गेली. मी हात पाठीमागे घेऊन उभा. मामाजींनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "कोपरा लागला असन. हाताचा दोष नाई."

मग सुमनला हळद आणायला सांगितली आणि पवळ्याच्या कापावर स्वतःच्या बोटानं टिळा लावला. त्यांचं बोट थरथरत होतं आणि टिळा जरा लांबडा उमटला. उठताना म्हणाले की चमोटा तुम्ही कापला, तर उद्या नदीकाठच्या तंबूतली डोकीही तुम्हीच करा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत काय चालतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही. या काठी पांढुर्णा, त्या काठी सावरगाव, मध्ये रोवलेलं पळसाचं झाड, त्यावरचा झेंडा कोण पळवतो याची चढाओढ, आणि दोन्हीकडून दगड. एरवी दोन्ही गावांत सोयरिकी, येणंजाणं, एका घरची चटणी दुसऱ्या घरी. त्या दिवशी मात्र जावई सासऱ्याच्या दिशेनं दगड भिरकावतो. माझे सासरे याच काठचे असल्यामुळे मी वाचलो. काठावर डॉक्टरांचा तंबू असे आणि तिथे न्हावी लागे, कारण फुटलेल्या डोक्याला टाके घालायचे तर जखमेभोवतीचे केस आधी काढायला हवेत. हे काम मामाजी वर्षानुवर्षं करत आले होते. जखमेच्या कडेनं वस्तरा न्यायचा, तोही कळवळणाऱ्या माणसाच्या. त्यासाठी हात पाषाणाचा हवा.

मी नवा वस्तरा घेऊन तंबूत बसलो. मामाजी माझ्यामागे कोमट पाण्याचं कटोरं धरून उभे राहिले. पहिलं गिऱ्हाईक कोण यावं, तर तेच संत्र्याचे जाडे व्यापारी. ते म्हणे नुसते पाहायला उभे होते. कानावरून रक्त ओघळत होतं. त्यांनी डोळे उघडले, वस्तरा पाहिला, वस्तरा धरलेला हात पाहिला, आणि डोळे परत मिटून घेतले. फुटलेल्या डोक्याला हाताची निवड नसते हे त्यांना फार लवकर समजलं. मी हळूहळू केस काढले. दिवसभर काढत राहिलो, या काठचे, त्या काठचे. मध्येच पाण्यात वस्तरा बुडवायला वळलो तर कटोऱ्यातल्या पाण्यावर तरंग उठत होते. बारीक, न थांबणारे. मामाजींनी कटोरं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते समोर नदीकडे पाहत होते. मी वस्तरा बुडवला आणि नजर वळवली. माझा हात चुकला नाही.

त्यानंतर दुकानाची घडी बदलली. मामाजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले की जावयानं चमोटा कापला, आता शिक्षा म्हणून सगळ्या दाढ्या त्यालाच करायच्या आहेत. लोक हसायचे आणि माझ्या खुर्चीवर बसायचे. तंबूत बसून गेलेले तर हक्कानं बसायचे. मामाजींनी स्वतःकडे फेस करायचं काम घेतलं. त्यांचा ब्रश गालावर आपोआप थरथरायचा आणि फेस असा दाट, असा मऊ यायचा की गिऱ्हाइकं खास तेवढ्यासाठी थांबायची. मेश्रामबाबू तर फेस लागतानाच झोपत, दाढी केव्हा झाली ते त्यांना कळत नसे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामाजी दारातल्या बाकड्यावर डोळे मिटून बसत आणि मी उगाच वस्तरा पवळ्यावर फिरवत बसे. आत तो आवाज, बाहेर संत्र्यांच्या गाड्या, उन्हात तापलेल्या फळांचा वास. त्या दुपारी कुठे सुरू व्हायच्या आणि कुठे संपायच्या ते आता आठवत नाही. त्या सगळ्या मिळून एकच मोठी दुपार होती असं वाटतं.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. चमोटा कापणारा डेबऱ्या हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. सौसरला एका लग्नात लोधीखेड्याचा एक न्हावी पंगतीत माझ्याजवळ येऊन बसला आणि चारचौघांत विचारता झाला, तो तूच का रे. मी हो म्हणालो आणि वरणात भात कालवत राहिलो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सुमन समोरच्या पंगतीत वाढत होती, तिनं ऐकलं, आणि माझ्या पानात न विचारता बुंदी वाढून गेली.

दशक संपत आलं तशी अर्धं पातं बसवायची रेझर आली. शहरातून आलेली पोरं नवीन पातं लावा म्हणायची. मीही रेझर आणलं. पवळ्या आकड्यावर होताच, जुन्या माणसांसाठी.

थंडी सरत आली होती. बागांना अंबिया बहर फुटला होता आणि पहाटेच्या वाऱ्यावर संत्र्याच्या फुलांचा वास गावात शिरायचा. अशा एका सकाळी मी दुकान उघडून पाणी तापत ठेवलं तर मामाजी आत आले आणि बाकड्याऐवजी माझ्या खुर्चीवर बसले. स्वतःची दाढी ते आजवर घरी स्वतः करत. हल्ली गालांवर तुरटीचे पांढरे डाग दिसायचे. सुमन आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं करायचो.

रेझर नको, तो वस्तरा घ्या, म्हणाले.

माझा नवा वस्तरा, आता जुना झालेला. मी फेस केला, मग पवळ्या ताणला. मामाजींनी डोळे मिटले, निंबाखाली मिटले होते तसेच. वस्तरा पाठीवरून गेला, वळला, पाठीवरून आला. मी गाल घेतला, मग मान मागे करून गळ्याला वस्तरा लावला.

"जवाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "पवळ्याचा काप कोन्त्या कडेले हाय?"

"उजव्या."

"वस्तऱ्याची मूठ तुमच्या कोन्त्या हातात हाय?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. डावा. मूठ डाव्या हातात, म्हणजे मुठीकडचा कोपरा पट्ट्याच्या डाव्या कडेला. माझ्या हातून चमोटा कापला असता तर डाव्या कडेनं कापला असता. उजव्या कडेचा काप उजव्या हाताचा. ज्या कोपऱ्याचं शास्त्र मी इतक्या जणांना समजावून सांगत आलो तो माझ्याच खोट्यात आडवा आला होता, आणि मला कधी सुचलं नव्हतं. मामाजींच्या अंगठ्याला पोळ्याच्या त्या संध्याकाळीच समजलं होतं.

वस्तरा त्यांच्या गळ्यावर जागच्या जागी थांबला. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

"हात थरथरून राह्यला, हे मले समजत होतं," मामाजी म्हणाले. "वस्तरा ठेवाचा होता. लोकाईले काय सांगू तेच सुचून नोहतं राह्यलं. मग तुमीच सांगतलं."

माझे डोळे भरले आणि समोरचा आरसा धूसर झाला. ते दुकानात येऊन फेस करत राहिले होते, हसत राहिले होते, ते माझ्या खोट्याच्या आडून. आणि मी त्यांना सांभाळतोय असं समजून मिरवत होतो. बाहेरून फुलांचा वास येत होता. आकड्यावर पवळ्या हलकेच हलत होता.

मामाजींनी एक डोळा उघडला.

"थांबू नोका," ते म्हणाले. "फेस वाळून राह्यला."

मी बाहीनं डोळे पुसले, त्यांची हनुवटी वर केली आणि राहिलेली दाढी पूर्ण केली.